रात्री दोनचं विमान, आई-बाबा पहिल्यांदाच: जेवण लाउंजमध्ये की आधी?

ताई, बेळगावजवळच्या खानापूरहून आई-बाबा निघणार, मुंबईहून लंडनचं विमान रात्री दोनला, आणि रात्रीचं जेवण लाउंजमध्ये (विमानतळावरची बसायची-खायची खास जागा) करता येईल का, बाबांचं बँकेचं कार्ड चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी निपाणीची. मुलाकडे जाताना याच वेळेच्या विमानाने आम्ही चारदा गेलोय. जेवणासाठी लाउंजवर अजिबात विसंबू नका.

आधी वेळेचा हिशोब बघा. दोनच्या विमानाला अकराला टर्मिनल २ वर पोचायचं. सामान देणं, इमिग्रेशन, तपासणी यात सव्वाबारा सहज होतात, कारण मुंबईत परदेशी विमानांची गर्दी रात्रीचीच. लाउंज या सगळ्याच्या पुढे. सव्वाला बोर्डिंग सुरू झालं तर हातात उरतो तासभर, त्यात गेटपर्यंतचं लांबलचक चालणं.

आमच्या दुसऱ्या खेपेला लाउंजच्या दारात भली मोठी रांग होती. ह्यांना साखरेचा त्रास. रांगेतच हात थरथरायला लागले, कपाळ घामाने ओलं झालं. मी तिथेच खाली बसून पिशवीतला डबा उघडला, आधी गुळाचा खडा तोंडात घातला, मग धपाट्याचे तुकडे करून भरवले. तेव्हापासून आमचं जेवण आठ वाजताच, अंधेरीला नणंदेकडे होतं. कुणी नातेवाईक नसेल तर विमानतळाच्या अलीकडे साध्या हॉटेलात वरणभात खाऊन घ्या. विमानातलं जेवण यायला तीन-साडेतीन वाजतात. शाकाहारी किंवा मधुमेहाचं जेवण हवं असेल तर निदान २४ तास आधी विमान कंपनीला सांगावं लागतं.

धपाटे, कडक भाकरी सोबत नेता येते. दही, लोणचं, पातळ भाजी हातातल्या पिशवीत नको, कारण १०० मिलीच्या वरचं पातळ काही आत सोडत नाहीत. गोळ्या-इन्सुलिन मात्र हातातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि कुंदा नेऊ नका हो! मलाही वाईट वाटलं होतं, पण ब्रिटनमध्ये आपल्याकडून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे खवाच.

आता कार्ड. बऱ्याच डेबिट कार्डांवर फक्त देशांतर्गत लाउंज मिळतं. हल्ली मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केल्याशिवाय तेही मिळत नाही. बँकेला फोन करून ‘आंतरराष्ट्रीय टर्मिनलचं लाउंज’ असेच शब्द वापरून विचारा. बाबांच्या कार्डावर आईलाही सोडतील असं धरून चालू नका, दुसऱ्या माणसाचे बहुधा वेगळे पैसे पडतात. मिळालंच तर चहा, स्वच्छ बाथरूम आणि पाय मोकळे करून बसायला खुर्ची, एवढ्यासाठी जरूर जा.

त्यापेक्षा व्हीलचेअर आधीच मागून ठेवा. विमान कंपनीला सांगितलं की त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, आणि व्हीलचेअर ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून गेटपर्यंत नेतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना याचा फार आधार वाटतो.

मागच्या वेळी कोल्हापूर-सातारा रस्त्याच्या कामात आमची गाडी दोन तास अडकली होती, म्हणून सकाळी लवकर निघा. तारीखही नीट बघा: तिकिटावर १५ तारखेचे रात्रीचे दोन असतील, तर खानापूर १४ च्या सकाळी सोडायचं.