विणलेली टोपी सणाला कोण घालतं?

प्रश्न : ताई, नातीच्या शाळेत देशोदेशींचे पोशाख असा कार्यक्रम आहे आणि तिच्या वाट्याला आइसलँड आलंय. मी स्वेटर, कानटोप्या विणते. पण विणलेली टोपी म्हणजे थंडीचीच ना, ती सणासुदीला घालतात का तिकडे? की विकतची आणू?
— एक आजी, ऐरोली

उत्तर : आजी, विकतची अजिबात आणू नका, तुम्हीच विणा! आइसलँडच्या बायकांची सणाची टोपी मुळात हातविणीचीच. स्कॉट्टहूफा म्हणतात तिला, म्हणजे शेपटीवाली टोपी. आधी ती पुरुषांची होती, अठराव्या शतकात बायकांनी घ्यायला सुरुवात केली आणि मग ती बायकांचीच झाली. काळी, बारीक विणीची, डोक्यावर छोटीशी बसणारी, बाजूला लांब रेशमी गोंडा आणि टोपी नि गोंड्याच्या मध्ये चांदीची किंवा सोनेरी नळी. १७ जूनला त्यांचा राष्ट्रीय दिन असतो, तेव्हा आजही बायका हा पोशाख घालतात.

आणि थंडीचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये १५७१ साली चक्क कायदाच होता, की रविवारी आणि सणाच्या दिवशी साध्या लोकांनी इंग्लंडमध्येच बनवलेली लोकरीची टोपी घालायची, नाही घातली तर दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड! बडे सरदार-जमीनदार आणि त्यांच्या घरच्या बायकांना सूट. टोप्या करणाऱ्यांचा धंदा वाचावा म्हणून केलेला कायदा होता, १५९७ मध्ये रद्द झाला. त्या टोप्या सुयांवर मापापेक्षा खूप मोठ्या विणायचे, मग पाण्यात भिजवून, तुडवून आटवायचे, इतक्या की टाके दिसेनासे व्हायचे, मग काटेरी बोंडांनी लव वर काढून ती कातरायची. मला तर हे वाचल्यापासून त्या कारागिरांबद्दल फार आदर वाटतो, आपण एक टाका सुटला तर हळहळतो आणि ते अख्खी वीणच झाकून टाकायचे.

नातीच्या टोपीला मात्र आटवायची गरज नाही, त्यामुळे बाजारातली अ‍ॅक्रिलिक लोकर चालेल (ती तशीही आटत नाही). फक्त बारीक घ्या आणि सुया बारीक नंबरच्या. गोंडा साडीच्या पदराला गोंडे लावून देणाऱ्या बाईंकडून काळ्या रेशमाचा करून घ्या, नळीला सोनेरी कागद पुरे. वेण्या घालून त्यांची टोकं वर वळवून टोपीखाली खोचा, तिकडे तसंच करतात, आणि टोपी पिनांनी नीट बसवा, नाहीतर गोंड्याच्या वजनाने ती एका बाजूला घसरेल.