‘मकाम’ आणि ‘मुक्काम’: तुर्की संगीतोपचारातील एका शब्दाविषयी

प्रश्न असा आहे: तुर्कस्तानातील पारंपरिक संगीतोपचारावरील एका मराठी लेखात ‘मकाम’ (तिथल्या संगीतातील रागसदृश स्वराकृती) हा शब्द वारंवार आला आहे. तो आपल्या ‘मुक्काम’ या शब्दाशी संबंधित आहे काय, आणि मराठीत त्याऐवजी सरळ ‘राग’ लिहिले तर चालेल काय? त्याच लेखात, कोणत्या मकामाने कोणता विकार बरा होतो याची यादी दहाव्या शतकात अल्-फाराबी या तत्त्वज्ञाने करून ठेवली होती, असे विधान होते. ते ग्राह्य धरावे काय, असेही प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्यात एक बारकावा आहे. ‘उभे राहणे’ असा मूळ अर्थ असलेल्या क-व-म या अरबी धातूपासून ‘मकाम’ आणि ‘मुकाम’ अशी दोन्ही रूपे सिद्ध होतात. ‘मकाम’ म्हणजे उभे राहण्याची जागा, स्थान, पायरी. ‘मुकाम’ म्हणजे वस्ती करणे किंवा वस्तीची जागा. म्हणजे ‘मुक्काम’मधील उकार हा मराठी जिभेने केलेला बदल नव्हे, तो मुळातलाच आहे, मराठीने आपल्या पदरचे दिले ते फक्त ‘क’चे द्वित्व. पत्त्याच्या आरंभी येणारे ‘मु. पो.’ आणि तुर्की वादकाच्या तोंडचा ‘मकाम’ हे त्यामुळे एकाच घरातले, पण सख्खे नव्हे, चुलत भाऊ ठरतात. ‘कायम’ आणि ‘कयामत’ हेही त्याच धातूचे. तुर्कीत तालुक्याच्या प्रशासकाला आजही ‘कायमकाम’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा असलेला अधिकारी.

स्थानवाचक शब्द संगीतात कसा आला, याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे दिले जाते की ऊद किंवा तंबूर या तिथल्या तंतुवाद्यांच्या दांडीवर बोट जिथे टेकते ती जागा, म्हणून तो स्वर, आणि पुढे त्या स्वराभोवती रचलेली संपूर्ण स्वराकृती असा अर्थाचा विस्तार झाला. तुर्की मकामांची काही नावे या स्पष्टीकरणाला बळकटी देतात. ‘येगाह’, ‘दुगाह’, ‘सेगाह’ आणि ‘चारगाह’ या फारसी नावांचे अर्थ अनुक्रमे पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी जागा असे आहेत, आणि त्यांतला ‘गाह’ आपल्या ‘दर्गा’ व ‘ईदगाह’ या शब्दांतून ओळखीचा आहे. तुर्कीत स्वरस्थानाला ‘पेर्दे’ म्हणतात. सतारीच्या दांडीवरच्या धातूच्या कांबींना आपण ‘पडदे’ म्हणतो तो हाच शब्द.

मकाम म्हणजे नुसता आरोह-अवरोहाचा संच नव्हे. तुर्की पद्धतीत एका पूर्ण स्वरांतराचे नऊ सूक्ष्म भाग, म्हणजे ‘कोमा’, मानले जातात. कोणता स्वर किती कोमा चढवायचा वा उतरवायचा, चाल वरून खाली यायची की खालून वर जायची, वाटेत कुठे रेंगाळायचे आणि शेवटी कुठे विसावायचे, हे सारे ठरल्यावर मकाम सिद्ध होतो. या मार्गक्रमणाला ‘सेयिर’ म्हणतात, जो शब्द आपल्याकडे ‘सैर’ होऊन फिरायला गेला. आणि विसाव्याच्या अंतिम स्वराला ‘करार’ म्हणतात. मराठीत ‘करार’ कागदावर उतरला आणि त्याचा ‘स्थिर होणे’ हा मूळ अर्थ जवळजवळ लोपला, परंतु ‘बेकरार’ या शब्दात तो अजून ऐकू येतो. तालाशिवाय केलेल्या मुक्त आलापीला तुर्कीत ‘तक्सिम’ हे नाव आहे. जुन्या वतनपत्रांत हिश्श्यासाठी येणारी ‘तक्षीम’ ती हीच. वाटणी या अर्थाचा शब्द एकीकडे जमिनीला लागला आणि दुसरीकडे सुरांना, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे.

मकामांची नावे तर मराठी वाचकाला अनोळखी वाटण्याचे काहीच कारण नाही. ‘रास्त’ हा तुर्की परंपरेतील मूलभूत मकाम; त्याच्या नावाचा अर्थ सरळ, योग्य, म्हणजे ‘रास्त भाव’ या जोडीत आपण रोज वापरतो तोच. ‘उश्शाक’ हे ‘आशिक’चे अनेकवचन. ‘हिजाझ’, ‘इराक’ आणि ‘इस्फाहान’ ही स्थळनामे आहेत. ‘बुझुर्क’ म्हणजे फारसीतला ‘बुजुर्ग’, अर्थात मोठा. महाराष्ट्रातील शेकडो गावांच्या नावापुढे ‘खुर्द’च्या जोडीला जे ‘बुद्रुक’ लागते, ते याच शब्दाचे मराठमोळे रूप आहे. मोठ्या मकामाच्या जोडीला लहान या अर्थाचा ‘कुचेक’ही तुर्की परंपरेत आहे, म्हणजे खुर्द-बुद्रुकाची सोय तिथेही झालेली दिसते.

आता उपचाराकडे वळू, कारण प्रश्नाचा गाभा तिथे आहे. या संगीतोपचारामागील विचार युनानी वैद्यकाचा आहे. रक्त, कफ, पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांचे मिश्रण शरीरात समतोल असले की माणूस निरोगी, आणि ते बिघडले की रोगी, असे हे वैद्यक मानते. या मिश्रणालाच अरबीत ‘मिजाज’ म्हणतात. त्या शब्दाचा धातूच मुळी मिसळणे या अर्थाचा आहे. मराठीत त्याची दोन रूपे झाली. ‘मिजाज’ स्वभाव वा लहर या अर्थाने राहिला, आणि ‘मिजास’ घमेंडीकडे झुकली. म्हणजे वैद्यकातला तटस्थ पारिभाषिक शब्द आपल्याकडे येईपर्यंत पार तोऱ्यात आला. तुर्कीत मात्र ‘मिझाच’ अजूनही मूळ अर्थाच्या जवळ आहे, आणि सतराव्या शतकातील ऑट्टोमन वैद्य शुऊरी हसन एफेंदी याने मकामांच्या उपचारगुणांचा विचार ज्या ग्रंथात केला त्याचे नावच ‘तअदीलुल् एम्झिजे’ असे आहे. ‘एम्झिजे’ हे मिजाजचे अनेकवचन आणि ‘तअदील’ म्हणजे समतोल साधणे, ज्याचा धातू आपल्या ‘अदालत’चा आहे. काळ्या पित्ताला अरबी-तुर्कीत ‘सेव्दा’ म्हणतात. त्याच्या आधिक्याने खिन्नता व उन्माद जडतो अशी समजूत होती, आणि आजच्या तुर्कीत ‘सेव्दा’चा अर्थ उत्कट प्रेम असा उरला आहे.

मकामाचे काम या चौकटीत औषधासारखे होते. ज्याची प्रकृती उष्ण त्याला एक मकाम, ज्याची शीत त्याला दुसरा. दिवसाच्या कोणत्या वेळी कोणता ऐकवावा हेही ठरलेले. पहाटेपूर्वी ‘रेहावी’, सकाळी ‘हुसेय्नी’, सूर्य दोन भाले वर आला की ‘रास्त’, मावळतीला ‘इस्फाहान’, असा क्रम अशा याद्यांतून आढळतो, आणि तो वाचताना आपल्याकडच्या रागांच्या प्रहरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. रास्त पक्षाघाताला गुणकारी, यांसारखी विधानेही त्यांत असतात. ती जुन्या वैद्यकाच्या श्रद्धा म्हणून वाचावीत. त्यांना आजच्या अर्थाने सिद्ध झालेली चिकित्सा समजू नये.

फाराबीविषयीच्या विधानाचा निकाल शब्दाच्या इतिहासातूनच लागतो. फाराबी इ. स. ९५० मध्ये वारला. त्याचा ‘किताब अल्-मूसीकी अल्-कबीर’ हा संगीतावरचा थोर ग्रंथ मुख्यतः स्वरांतरे, वाद्ये आणि रचनेचे सिद्धांत यांविषयीचा आहे. सुरावटी आनंद देणाऱ्या, कल्पना जागवणाऱ्या आणि भाव चेतवणाऱ्या अशा तीन प्रकारच्या असतात, असे तो सांगतो, पण ते विवेचन सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. पुढे मकाम म्हणून ओळखल्या गेलेल्या बारा स्वराकृतींची व्यवस्था सुसंगतपणे मांडली ती तेराव्या शतकात बगदादच्या सफीउद्दीन उर्मवी याने, आणि तोही त्या बारांना ‘मकाम’ म्हणत नाही, ‘शुदूद’ म्हणतो. संगीताच्या पारिभाषिक अर्थाने ‘मकाम’ रुळताना दिसतो तो त्याच्यानंतर, चौदाव्या शतकाच्या सुमारास. ज्या यादीत ‘रास्त मकाम’, ‘बुझुर्क मकाम’ अशी नावे आजाराच्या नावांसह ओळीने येतात, ती यादी म्हणून फाराबीच्या हातची असू शकत नाही. नंतरच्या शतकांतील मजकूर थोर पूर्वसूरीच्या नावावर जमा झालेला आहे. असे आपल्याकडेही सर्रास घडते, म्हणून त्याबद्दल तुर्कांना फार बोल लावण्याचे कारण नाही, पण मराठी लेखकाने ते विधान पुन्हा छापू नये.

याचा अर्थ संगीतोपचाराची परंपराच काल्पनिक आहे असा मुळीच नाही. तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, एदिर्ने शहरात, तुंजा नदीच्या काठी सुलतान दुसरा बायझिद याने बांधलेला आणि १४८८ मध्ये पूर्ण झालेला धर्मदाय संकुल आजही उभा आहे. त्यात मशीद, वैद्यकशाळा आणि रुग्णालय आहे. रुग्णालयाच्या मुख्य भागाची रचना षट्कोनी असून मधोमध घुमटाखाली कारंजे आहे, भोवती रुग्णांच्या खोल्या आहेत आणि वादकांसाठी थोडी उंच जागा आहे, त्यामुळे सूर आणि पाण्याचा आवाज प्रत्येक खोलीपर्यंत पोचतो. सतराव्या शतकाच्या मध्यात प्रवासी एवलिया चेलेबी तिथे गेला होता. तीन गायक आणि बाकीचे वादक असे दहा जण नेमलेले असून ते आठवड्यातून तीनदा रुग्णांना आणि वेड्यांना संगीत ऐकवतात, असे त्याने आपल्या ‘सेयाहतनामे’ या प्रवासवर्णनात नोंदवले आहे; नेय (बासरीसारखे वाद्य), संतूर, ऊद अशी वाद्ये आणि नेवा, रास्त, दुगाह, सेगाह, चारगाह असे मकामही तो नावानिशी सांगतो. एवलियाची लेखणी अतिशयोक्तीला लाजत नाही, हे त्याच्या वाचकांना ठाऊक असते. तरी वास्तूची घडण आणि त्याचे वर्णन एकमेकांशी जुळते, एवढे म्हणता येते. हे रुग्णालय १९९७ पासून त्राक्या विद्यापीठाचे आरोग्य संग्रहालय आहे आणि त्याला २००४ मध्ये युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला.

या वास्तूचे नाव ‘दारुश्शिफा’, म्हणजे शिफेचे, बरे होण्याचे घर. कायसेरीतील १२०६ सालच्या सेल्जुक रुग्णालयालाही हाच शब्द लावतात, आणि हैदराबादेतील कुतुबशाही रुग्णालयावरून नाव पडलेला दारुलशिफा हा भाग मराठवाड्यातील जुन्या पिढीला माहीत असतो. तुर्कीत हा शब्द आता बहुधा ऐतिहासिक इमारतींपुरता राहिला आहे. चालत्या रुग्णालयाला ‘हास्ताने’ म्हणतात. त्यातला ‘हास्ता’, म्हणजे आजारी, हा फारसी ‘खस्ता’ आहे, आणि खस्ता खाणे आपल्याला चांगलेच माहीत आहे.

विसाव्या शतकात ही परंपरा पुन्हा हाती घेणाऱ्यांत रहमी ओरुच गुवेंच (१९४८–२०१७) यांचे नाव अग्रभागी आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक आणि वादक असलेल्या गुवेंच यांनी १९७६ मध्ये ‘तुमाता’ हा गट स्थापन केला, जुन्या मकामांबरोबर मध्य आशियातील वाद्ये व नृत्येही उपचारात आणली, आणि ऑस्ट्रियातही शिष्य तयार केले. तुर्की आरोग्य मंत्रालयाने पारंपरिक व पूरक उपचारांसाठी २०१४ मध्ये जी नियमावली काढली, तिच्यातील पंधरा पद्धतींत संगीतोपचाराचा समावेश आहे. तिथे शब्द मात्र ‘म्युझिकतेरापि’ असा युरोपीय वळणाचा आहे. जुना प्रयोग ‘मूसिकी इले तेदावी’ असा होता, आणि त्यातला ‘तेदावी’ आपल्या ‘दवा’च्या धातूतून आला आहे.

आता ‘राग’ लिहावे काय, या प्रश्नाकडे येतो. तुलना जुनी आणि सन्मान्य आहे. काही काळ बऱ्हाणपूरच्या फारुकी दरबारात असलेला सोळाव्या शतकातील पुंडरीक विठ्ठल आपल्या ‘रागमंजरी’त पारसीक रागांची यादी देतो आणि हिजाझाची सांगड आसावरीशी, यमनची कल्याणशी घालतो. पण तोही त्या रागांना त्यांचे स्वतंत्र नाव देण्यास विसरत नाही, आणि ते नाव आहे ‘परदा’. त्याचा वाचक दोन्ही संगीत जाणणारा होता. आजच्या मराठी वाचकाला ‘हिजाझ राग ऐकवतात’ असे सांगितले, तर त्याच्या कानात आपल्याकडचाच काहीतरी वाजू लागेल. हिजाझाचे पूर्वांग भैरवाच्या पूर्वांगाची आठवण करून देते हे खरे, परंतु सेयिर आणि करार वेगळे असल्याने एकूण आकृती वेगळी होते. शिवाय ‘राग’ हा रंगणे या अर्थाच्या धातूतून आलेला भाववाचक शब्द, आणि ‘मकाम’ स्थानवाचक. त्यातच आपल्याकडे रागचिकित्सेच्या नावाने निराळे दावे चाललेले असतात, ते या परंपरेत मिसळले की दोन्हींचे आकलन बिघडते. म्हणून ‘मकाम’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला ‘तुर्की संगीतातील रागसदृश स्वराकृती’ असा खुलासा जोडावा, असे माझे मत आहे.

‘मकामोपचार’ हा संधी काहींना रुचेल. मला अरबी शब्दाला संस्कृत संधीचा नियम लावणे खटकते, त्यामुळे मी ‘मकाम-उपचार’ किंवा साधे ‘मकामांद्वारे उपचार’ असे लिहीन. ‘मुक्काम-उपचार’ मात्र कटाक्षाने टाळावा, नाही तर वाचक राहण्या-जेवणाचे दर विचारील. ‘मकाम’ मराठीत ‘मुक्काम’प्रमाणेच पुल्लिंगी चालवावा: तो मकाम, ते मकाम, मकामाचा, मकामांनी. ‘रास्त’ आणि ‘उश्शाक’ ही नावे मराठी लेखनात आहेत तशीच राहू द्यावीत, आणि तुर्की ‘ब्यू’कार ज्यांना अवघड वाटतो त्यांनी ‘बुझुर्क’ लिहावे. ‘बुद्रुक’ गावांपुरता ठेवावा.