मालकाने क्लब दुसऱ्या शहरात नेला तर चाहते इतके का चिडतात? पैसा तर त्याचाच असतो ना?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की कारखाना एका गावातून दुसऱ्या गावात गेला तर गिऱ्हाईक रस्त्यावर उतरत नाही, मग फुटबॉल क्लब हलला की एवढा गहजब कशाला? मी पुण्याचा. गेली बारा वर्षं नोकरीनिमित्त नैर्ऋत्य लंडनमध्ये राहतो. इथे आलो तेव्हा मलाही हाच प्रश्न पडायचा. त्याचं उत्तर मला शेजारच्या आजोबांकडून मिळालं. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं, त्यांच्या घरात ते नाव फक्त फुटबॉलचं आहे.

विम्बल्डन एफसी हा 1889 सालचा क्लब. 1912 पासून प्लाऊ लेन या मैदानावर खेळायचा. कित्येक दशकं हौशी संघांमध्येच होता. 1977 मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशातल्या व्यावसायिक क्लबांच्या स्पर्धेत, प्रवेश मिळाला, 1986 मध्ये सगळ्यात वरच्या विभागात पोचला आणि 1988 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर लिव्हरपूलला 1-0 हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडचा बाद फेरीचा मानाचा चषक, घरी आणला. गोल लॉरी सँचेझचा. जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी गोलरक्षक डेव्ह बीसंटने अडवली. वेम्ब्लीवरच्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. आजोबा ती पेनल्टी अजूनही सोफ्यावरून उठून, डावीकडे झेप घेतल्यासारखा हात लांबवून दाखवतात.

मग 1991 मध्ये घर सुटलं. 1989 मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत प्रेक्षक मेले, त्यानंतर वरच्या विभागांतल्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्च्या हव्यात असा नियम आला. प्लाऊ लेन तशी करणं परवडणार नाही म्हणून संघ क्रिस्टल पॅलेस या लंडनच्याच दुसऱ्या क्लबच्या मैदानावर, सेलहर्स्ट पार्कमध्ये, भाड्याने राहायला गेला. तात्पुरतं, असं सांगितलं होतं. तिथे बारा वर्षं गेली. दरम्यान जुनं मैदान एका सुपरमार्केट कंपनीला विकलं गेलं, संघ डब्लिनला नेण्याच्या गोष्टी झाल्या, आणि 1997 मध्ये शेल इंगे रोक्के आणि ब्यॉर्न रूने येल्स्टेन या दोन नॉर्वेजियन धनाढ्यांनी क्लब घेतला. 2001 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं की क्लब मिल्टन कीन्सला जाणार. हे गाव लंडनच्या उत्तरेला, विम्बल्डनपासून सुमारे 90 किलोमीटरवर, 1967 मध्ये आखून वसवलेलं. तिथे नवं स्टेडियम बांधायची योजना तयार होती. नव्हता तो लीगमधला संघ.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. मिल्टन कीन्सला स्वतःचा क्लब काढायला कुणाची मनाई नव्हती. पण इंग्लंडमध्ये नवा क्लब तळातून सुरू होतो. एकेक पायरी जिंकत वर यायचं, विम्बल्डनला त्यासाठी जवळजवळ शंभर वर्षं लागली. ती चढण टाळून तयार जागा हवी होती, म्हणून ज्याच्याकडे जागा आहे आणि घर नाही असा क्लब उचलला.

हे मला कळलं ते गणपतीमुळे. आजोबांना मी पुण्याची विसर्जन मिरवणूक समजावून सांगत होतो: मानाचे पाच गणपती, पहिला कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, प्रत्येकाचा क्रम ठरलेला. त्यांनी विचारलं, "समजा एखाद्या श्रीमंत माणसाने मंडळाचं कर्ज फेडलं आणि मूर्ती, नाव आणि मिरवणुकीतला नंबर घेऊन तो दुसऱ्या शहरात गेला, तर?" मला उत्तर सुचेना. कसब्यातल्या माणसाला कुणी "पैसा त्याचाच आहे" असं ऐकवलं तर काय होईल, तुम्हीच सांगा. मांडव, स्पीकर, ट्रक पैशाने घेता येतात. क्रम गल्लीतल्या चार पिढ्यांचा असतो. क्लबचंही तसंच आहे. मालकाने शेअर विकत घेतले होते. लीगमधली ती जागा शनिवारी पावसात उभं राहणाऱ्यांनीही मिळवली होती, आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

लीगने आधी परवानगी नाकारली होती. प्रकरण लवादाकडे गेलं, शेवटी तीन जणांच्या आयोगाकडे आलं आणि 28 मे 2002 ला दोन विरुद्ध एक मतांनी स्थलांतर मंजूर झालं. चाहते म्हणत होते की वेळ आली तर आम्ही आमच्या भागात नवा क्लब उभा करू. आयोगाने अहवालात लिहिलं की तसं करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं ठरणार नाही. आजोबांना हे वाक्य पाठ आहे. माझ्या मते क्लब जाण्याच्या दुःखाचा संताप झाला तो या वाक्याने. घर गेलंच होतं, वर तुम्ही घर बांधणंही बरं नाही असं सांगितलं गेलं.

चाहत्यांनी ते बांधलंच. जूनच्या शेवटी विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खुली निवड चाचणी घेतली, 230 खेळाडू आले. 10 जुलैला, म्हणजे निकालानंतर सहा आठवड्यांत, एएफसी विम्बल्डन या नव्या क्लबचा पहिला सामना झाला, सटन युनायटेडच्या मैदानावर. संघ 4-0 ने हरला. साडेचार हजारांवर लोक आले होते. आजोबा म्हणतात, "चार गोल खाल्ले आणि घरी येऊन मी बायकोला म्हटलं, आपण जिंकलो."

तिकडे सेलहर्स्ट पार्क ओस पडलं. दुसऱ्या श्रेणीतल्या संघाच्या एका सामन्याला हजार माणसंही जमली नाहीत. 2003 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, त्याच वर्षी मिल्टन कीन्सच्या हॉकी स्टेडियममध्ये हलला, आणि 2004 मध्ये क्लब मिल्टन कीन्सला आणण्यासाठी झटणाऱ्या पीट विंकलमनने तो घेऊन नाव बदललं: एमके डॉन्स. डॉन्स हे विम्बल्डनचंच टोपणनाव, तेही गेलं. आजोबा ते नाव उच्चारत नाहीत. इथले अनेक जण त्या संघाला नुसतं "फ्रँचाइझी" म्हणतात. मला मात्र मिल्टन कीन्सच्या दहा वर्षांच्या पोरावर रागावता येत नाही. त्याच्या गावात संघ आहे, तो त्याला ओरडून साथ देतो, यात त्याचा काय दोष? हे मी आजोबांना एकदाच बोललो. ते गप्प बसले, मग चहा ओतायला उठले.

नवा क्लब नवव्या पातळीवरून निघाला आणि नऊ वर्षांत, 2011 मध्ये, पेनल्टींवर ल्यूटनला हरवून फुटबॉल लीगमध्ये आला. मालकी चाहत्यांच्या ट्रस्टकडे. जुन्या क्लबचा वारसा, म्हणजे चषक आणि स्मृतिचिन्हं, 2007 मध्ये विम्बल्डन लंडनच्या ज्या मर्टन बरोमध्ये (नगरविभागात) येतं तिथे परत आला.

आपल्याकडेही हे घडलंय. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेला. 2022 मध्ये हैदराबादने गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर आयएसएल जिंकली तेव्हा मी इथे रात्री एकटा बसून काही वेळ बालेवाडीचे जुने फोटो बघत होतो. पाचच हंगामांचा संघ, शंभर वर्षांशी तुलना नाहीच. पण एक फरक मला फार टोचतो. विम्बल्डनच्या लोकांना निदान खालून चढायला शिडी होती. 2019 च्या आयएसएलला शिडीच नव्हती. पुण्यातल्या पोरांनी तळातून नवा संघ उभा केला असता तरी तो वर पोचला नसता.

नोव्हेंबर 2020 मध्ये एएफसी विम्बल्डन प्लाऊ लेनवर परतला. जुन्या जागी आता फ्लॅट आहेत, नवं मैदान तिथून काही पावलांवर, पूर्वीच्या ग्रेहाउंड शर्यतींच्या जागेत. पैसे कमी पडले तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदाराला बहुमत देण्यापेक्षा चाहत्यांनी रोखे घेतले, 50 लाख पौंडांच्या वर. आजोबांनीही घेतलेत, किती ते सांगत नाहीत. पहिला सामना कोविडमुळे रिकाम्या स्टँडसमोर झाला. निर्बंध उठल्यावर ते मला घेऊन गेले. फाटकाशी आल्यावर त्यांनी तिकीट माझ्या हातात दिलं, हातमोजे काढले आणि आत जाण्याआधी विटांच्या भिंतीवर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिले. मागे रांग होती. कुणीही त्यांना पुढे व्हा म्हणालं नाही.