'रेझ द रेड लँटर्न' हा सिनेमा चीनचा, मग ऑस्करला हाँगकाँगतर्फे कसा काय गेला?

निर्मिती कुणाची होती ते पाहिलं की उलगडा होतो. 1991 च्या या सिनेमाचे दिग्दर्शक झांग यिमौ, नायिका गाँग ली, सू तोंग यांची मूळ लघुकादंबरी, शानशी प्रांतातला चित्रीकरणाचा तो चियाव घराण्याचा वाडा, सगळं चीनमधलंच. निर्मिती मात्र हाँगकाँगच्या एरा इंटरनॅशनलची आणि तिच्यामागे तैवानचे निर्माते चिऊ फू-शेंग. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांकडे होतं आणि ऑस्करला आपली प्रवेशिका स्वतंत्र पाठवायचं. त्या वाटेने सिनेमा गेला, नामांकनही मिळालं. पुरस्कार इटलीच्या 'मेडिटेरेनिओ'ला गेला, याची मला आजही हळहळ वाटते.

तैवान आणि चीन यांच्यात त्या काळी थेट व्यवहार जवळपास नव्हतेच, म्हणून हा हाँगकाँगचा वळसा. श्रेयनामावली नीट वाचा. कार्यकारी निर्मात्यांमध्ये हौ श्याव-श्येन हे नाव दिसेल. तैवानचे एवढे मोठे दिग्दर्शक, ज्यांच्या 'अ सिटी ऑफ सॅडनेस'ला 1989 मध्ये व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला, ते झांग यांच्या सिनेमामागे उभे राहिले. दोन सरकारांचं पटत नसताना घडलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

झांग यांच्या आधीच्या 'जू डो'मध्ये जपानी पैसा होता. हे दोन्ही सिनेमे चीनमध्ये 1992 पर्यंत अडवून ठेवले होते.

'परदेशी पैसा घेतला आणि परदेशी लोकांसाठी चीन सजवला' हा आरोप तुमच्या वाचनात येईलच. कंदिलांचा विधी कादंबरीत नाही, तो सिनेमासाठी रचला, हे खरं आहे. पण तो करतो काय ते बघा. मालक रात्री जिच्याकडे जाणार तिच्या अंगणात कंदील लागतात, तिच्या तळपायांना मालिश होते, दुसऱ्या दिवशी जेवायला काय करायचं तेही तीच ठरवते. त्या हक्कासाठी चार बायका एकमेकींच्या जिवावर उठतात आणि मालकाचा चेहरा आपल्याला धड दिसतही नाही. सत्ता माणसांना आपसात कशी झुंजवते, हे इतक्या नेमकेपणाने मी फार थोड्या सिनेमांत पाहिलंय. आणि हे फक्त परदेशी प्रेक्षकांसाठी असतं, तर चीनमध्ये त्यावर बंदी घालायची गरजच काय होती?

आवडला तर चिऊ आणि झांग यांचाच 'टू लिव्ह' (1994) लगेच बघा.