सगळ्यांचं ऐकणाऱ्यानं बोलायचं कुणाशी?

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी एचआर मॅनेजर आहे. दोन महिन्यांत ३४ जणांना ‘उद्यापासून काम नाही’ असं सांगावं लागलं. आता केबिनच्या दाराशी कुणी आलं तरी पोटात गोळा येतो, आणि समोरचा रडला तर काहीच वाटत नाही. आठ दिवस रजा घेतली, सोमवारी पुन्हा तेच.

उत्तर : काही न वाटणं हा दगडीपणा नाही, दमलेपणाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजार-वर्गीकरणात बर्नआउटच्या तीन खुणा दिल्यात : अंगातली ताकद आटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काम नीट होत नाही ही भावना. तिथं त्याची नोंद आजारांत नाही, कामावरच्या साचलेल्या ताणाशी जोडून आहे. रजेनंतर तेच काम त्याच पद्धतीनं सुरू झालं, मग फरक पडणार कसा?

न पटलेला निर्णयही शांत चेहऱ्यानं सांगायचा, हे सर्वांत थकवतं. म्हणून आधी ‘काम नाही’ हे सांगण्याच्या बैठकीची पद्धत बदला. निर्णय त्या माणसाच्या साहेबानं सांगायचा, पहिल्या दोन वाक्यांत. फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब), पीएफ, ग्रॅच्युइटी, रिलीव्हिंग लेटर एवढंच तुमच्याकडे. साहेब लोक ऐनवेळी सटकतात (यात नवल काही नाही), तेव्हा तो नसेल तर बैठक पुढं ढकला. दिवसाला तीनपेक्षा जास्त बैठका नकोत. दोन बैठकांत अर्धा तास रिकामा ठेवा आणि त्यात मेल न उघडता गेटबाहेर चक्कर मारून या. शुक्रवारची संध्याकाळ टाळा. शनिवार-रविवार त्या माणसाच्या शंकांना उत्तर द्यायला कुणी नसतं, आणि तुमचा फोन वाजत राहतो.

पंधरा दिवसांतून एकदा दुसऱ्या कंपनीतल्या एचआरवाल्याशी पाऊण तास बोला. नाव, खातं, पगार गाळून. लैंगिक छळाच्या तक्रारीतलं मात्र अवाक्षरही नको. २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार ओळख आणि चौकशीतला मजकूर दोन्ही गोपनीय आहेत. अशा वेळी आपल्या मनाचं बोलावं, प्रकरणाचं नाही.

दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, घरी आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : ‘कुणाला सांगू नका’ म्हणत लोक रात्री अकरालाही व्हॉट्सअ‍ॅपवर मन मोकळं करतात. किती पोटात ठेवायचं?

उत्तर : ऐकायला लागण्याआधीच सांगा : ‘छळाचं किंवा जिवाच्या धोक्याचं असेल तर मला पुढं कळवावं लागेल.’ सगळं ऐकून झाल्यावर हे सांगितलं, तर समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. रात्रीच्या मेसेजला एक ओळ पुरे : ‘वाचलं. उद्या दहाला बोलू.’ पण मजकुरात जीव देण्याचा सूर दिसला तर मेसेज टाईप करत बसू नका, थेट फोन लावा.