पारावर बसून काय कळतं? क्षेत्रकार्याविषयी वाचकांचे प्रश्न

माझा मुलगा मानवशास्त्रात पीएच.डी. करतो. काही महिने एका गावात राहतोय. फोनवर सांगतो, आज पारावर बसलो, काल बारशाला गेलो. हा अभ्यास कसा? प्रश्नावली भरून घेतली तर आठवड्यात काम होणार नाही का?

तुमची काळजी समजते, पण तुमचा मुलगा योग्य तेच करतो आहे. लोकांमध्ये राहून केलेल्या अशा अभ्यासालाच क्षेत्रकार्य म्हणतात. प्रश्नावलीत लोक बहुधा नियम सांगतात. नियम मोडला तर प्रत्यक्षात काय होतं, हे मुक्काम केल्याशिवाय दिसत नाही.

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिले. तिथे कूळ आईकडून चालतं आणि एकाच कुळातल्या स्त्री-पुरुषांचे संबंध निषिद्ध. कुणालाही विचारा, असं केलं तर आजार नि मृत्यू ओढवतो, असंच सांगणार. एक दिवस एक तरुण माडावरून पडून मेला. मालिनोव्स्की अंत्यविधीला हजर होते, तरी खरं कारण त्यांना बऱ्याच काळाने कळलं. त्या मुलाचे मावसबहिणीशी संबंध होते. गावाला ते ठाऊक होतं, पसंत नव्हतं, पण कुणी काही करत नव्हतं. मग त्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या एकाने चारचौघांत त्याचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी तो तरुण सणासुदीसारखा नटून माडावर चढला, तिथून बोलला आणि त्याने उडी मारली. पुढे असंही आढळलं, की हा दोष घालवणारे मंत्रही बेटावर आहेत. नियम खरा, त्याची भीती खरी आणि पळवाटही खरी. बोभाटा झाला की मात्र सुटका नाही. प्रश्नावलीत यातली पहिली ओळ तेवढी उतरली असती.

परक्या माणसाला लोक खरं का सांगतील?

सुरुवातीला सांगत नाहीतच. 1958 साली मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ आणि त्यांच्या पत्नी हिल्ड्रेड बालीतल्या एका खेड्यात गेले, तेव्हा लोक ते तिथे नसल्यासारखेच वागत. कोंबड्यांच्या बेकायदा झुंजीवर पोलिसांची धाड पडली. ओळखपत्रं दाखवून उभं राहण्याऐवजी हे दोघेही सगळ्यांबरोबर पळाले आणि एका अंगणात शिरले. घरच्या बाईंनी झटपट टेबल मांडून चहा ठेवला. पोलीस आल्यावर यजमानांनी या पाहुण्यांची बाजू ठामपणे मांडली. दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांच्याशी बोलू लागलं.

ही गोष्ट वर्गात इतक्यांदा सांगितली जाते, की विद्यार्थी अशाच एखाद्या प्रसंगाची वाट पाहत बसतात. बहुतेक ठिकाणी विश्वास हळूहळूच मिळतो. कुणाच्या कापणीला हात लावून, दवाखान्यात सोबत जाऊन, ऐकलेलं पोटात ठेवून.

आपल्याच समाजाचा अभ्यास तटस्थपणे करता येतो?

आपला म्हणजे नेमका कुणाचा, हे आधी पाहावं लागतं. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या. भाषा, अभंग, विठ्ठल, सगळं त्यांचंच. तरीही दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालतात, गातात आणि जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांना टोचलं. त्या मराठा बायकांबरोबर जेवू लागल्या आणि मग त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळ्या झाल्या. वारीवर लिहिताना त्यांनी हे वेगळेपण झाकलं नाही, म्हणून तो लेख मला फार मोलाचा वाटतो.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. ते पाटलाचे पाहुणे आणि जातीने ब्राह्मण, त्यामुळे गाव त्यांना ब्राह्मणासारखंच वागायला लावी. अंघोळीनंतर दाढी केली तरी टोकत. दलित वस्तीत त्यांना मोकळेपणाने वावरता आलं नाही. त्यांना दिसलेलं गाव बरंचसं वरच्या जातींच्या, जमीनदारांच्या ओट्यावरून दिसलेलं होतं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. तटस्थतेच्या शपथेपेक्षा मला असा कबुलीजबाब अधिक उपयोगी वाटतो. आपण कुठे उभे होतो ते सांगितलं, की वाचक आपला हिशेब आपण करतो.

मोबाइलवर रेकॉर्डिंग होत असताना वही कशाला?

रेकॉर्डिंगमध्ये बोलणं येतं. कोण कुणाला पाहून गप्प झालं, ते येत नाही. टिपण त्याच रात्री लिहा. पाहिलेलं, ऐकलेलं आणि तुम्हाला वाटलेलं वेगवेगळं ठेवा. प्रती वेगवेगळ्या जागी असू द्या. 1970 साली कॅलिफोर्नियात लागलेल्या आगीत श्रीनिवासांच्या पक्क्या टिपणांच्या तिन्ही प्रती गेल्या आणि त्या खेड्यावरचं पुस्तक आठवणीवर लिहावं लागलं.

विश्वासाने सांगितलेलं छापावं का? नावं बदलली की पुरे?

पुरे नाही. बाहेरच्याला ओळख पटणार नाही, पण गावात एकच पोस्टमन आणि एकच सुईण असते; नाव बदललं तरी सगळं गाव ओळखतं. श्रीनिवासांनी गावाचंसुद्धा नाव बदललं होतं. सुरुवातीला घेतलेली संमती प्रबंध संपेपर्यंत पुरते, असं समजू नका. ज्याने विश्वासाने सांगितलं, त्याला ते प्रकरण त्याच्या भाषेत वाचून दाखवा आणि तो नको म्हणाला तर वगळा. मार्गदर्शकांना तसं स्पष्ट सांगा. समजूतदार मार्गदर्शक त्यासाठी गुण कापत नाहीत.