आपल्या ज्येष्ठांच्या निवासात नव्यानं राहायला आलात ना, मग ऐका

ताई, पहिले पंधरा दिवस दार लावून बसू नका, एवढं कळकळीनं सांगते. सकाळचा चहा खाली सगळ्यांसोबत घ्या. ओळखी तिथेच होतात. मी महिनाभर खोलीत एकटीनं चहा प्यायले, त्याची हळहळ अजून वाटते. भजन, कॅरम, योगासनं, सगळीकडे नाव घालू नका. एकच धरा, पण रोज जा.

न्हाणीघरात आधाराचे दांडे आजच बसवून घ्या. औषधांची यादी शेजारणीकडे द्या. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फोनमध्ये घालून ठेवा.

आणि पंचाहत्तरी झाली असेल तर 2022पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, माहेरी जाऊन या! संध्याकाळी साडेपाचला गेटपाशी थांबा, आम्ही उपवन तलावावर फिरायला जातो.